रंभाच्या दोन फेऱ्या

—तिथं नको, इकडं ओट्यावर बसा, उजेडात. माणसाचं तोंड नीट दिसलं पायजे. हरिहर मास्तर बोललात ना? नौपाड्याच्या शाळेत पीटी शिकवता, आणि एवढ्या लांब बाळकुमला आमच्या रंभाला शोधत आलात — का? तर ती बरी पळते, तिला शिकवायचंय म्हणून. बरं. नौपाड्यात पळणाऱ्या पोरी नायत? नाय, पाणी घ्या तुमी, मी आपली विचारते. सून हाय ती माझी. मुलगी असती तर एवढं विचारलं नसतं, पण सुनेचं लोक आधी बोलतात.

पोलिसात भरती व्हायचंय तिला, हे तुमाला कोणी सांगितलं? तीच बोलली? मंग पहिल्या दिवशी काय झालं ते पण बोलली असेल. नाय ना. खाडीच्या रस्त्यानं अशी सुटली, जसा कुत्रा मागं लागलाय — आणि वळणापर्यंत गेली नाय तोच खाली बसून ओकली. दुसऱ्या दिवशी तेच. मी बोलली, अगं, सगळा दम आधीच घालवलास तर शेवटाला काय उरणार? तर बोलते, आई, वेळेत नको पोचायला? मी बोलली, आधी पोच तरी. मंग आमी ठरवलं, पळता पळता गाणं गुणगुणता आलं पायजे — आलं तर चाल बरोबर, नाय आलं तर जास्त होतेय. थोडे दिवस असंच, हळू. लोक हसले. हसू दे. मंग मी आमच्या ह्यांचं, गोमाजींचं घड्याळ काढलं, ते गेल्यापासून पेटीत होतं. रोज पहाटे रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसायची मी. विजेच्या पहिल्या खांबापासून दुसऱ्या खांबाला जेवढा वेळ, तेवढाच शेवटच्या दोन खांबांमधे लागायला पायजे. आधी झपाझप आणि मंग रडतखडत, ते नाय चालत. ते तिला समजायलाच पावसाळा गेला. मला पण.

आणि मंग एका सकाळी ती लवकर आली. बरीच लवकर. तुमी असतात तर खूश झाला असतात — मी नाय झाली. मला वाटलं, घड्याळ मागं पडतंय. तुमच्या नौपाड्यात आलेली मी ते घेऊन, दुकानवाला बोलला, आजी, घड्याळ एकदम बरोबर हाय. मला त्याचाच संशय आला, त्यानं उघडून बघितलं पण नाय नीट. मंग वाटलं, ही मिठागराच्या बांधावरनं आडवी येते. दुसऱ्या दिवशी मोरीवर बसलीच नाय मी, बाभळीमागं उभी राहिली. आणि बघितलं — पूर्ण रस्ता आली, मास्तर. एक पाऊल चोरलं नाय. तोंड लाल झालेलं, आणि गुणगुणत होती. मी तशीच मागं फिरली, तिला सांगितलं नाय.

तुमी पण मोजलीत म्हणता? भरतीला पळवतात तशा मैदानाच्या दोन फेऱ्या, आणि बसते त्यांच्या वेळेत. कधी? आणि मला न सांगता का? हे बघा, स्पष्ट विचारते — तुमाला काळुरामनं पाठवलं काय? माझा मुलगा. तिचा नवरा. नाव ऐकलं नाय म्हणता. बरं, बघा माझ्याकडं आणि परत सांगा.

मोहन्याला राहतो तो आता, दुसरं घर केलंय. रंभाला इथं टाकून गेला, मी बोलली, तू जा, ती राहील. आता इथं बिल्डर फिरायला लागले तेव्हा त्याला आईची आठवण आलीय. निरोप पाठवतो — पहाटेची ती कोणाबरोबर पळते ते मला कळतंय, तिला घराबाहेर काढ. म्हणून तुमच्यासारखा पळायच्या बुटातला पुरुष दारात आला की मी उजेडात बसवते. पण तो काय काढणार तिला? घर त्याचं हाय काय? घर तर मी रंभाच्या नावावर—

—काय नाय. पाणी संपवा.

ऐकलंत ना. आता ऐकलंतच तर पूर्ण ऐका, अर्धं घेऊन जाऊ नका. मला वाटलेलं, घर दिलं की ती कुठं जाणार नाय. पोलिसात लागली, लांब बदली झाली, तर माझं कोण? म्हणून केलं ते. तिच्यासाठी केलं असं लोकांना सांगेन, पण माझ्यासाठीच केलं. आणि त्या बाभळीमागनं तिला बघितलं तेव्हा मला माझीच लाज वाटली. जी अशी पळते, तिला घर देऊन कोण थांबवणार? म्हणून तिला अजून बोलली नाय. भरती होऊ दे, जायचं तिथं जाऊ दे, मंग सांगेन, की परत यायला जागा हाय तुला.

फाटक वाजलं. तीच. तुमी यातलं एक अक्षर तिच्यासमोर काढणार नाय. सोमवारी ठाण्याच्या मैदानावर तुमच्याकडं पळायला आणते तिला, मी पण येणार, आणि वेळ मी माझ्या डोळ्यांनी बघणार. उठा आता. तिकडं कुठं निघालात, मागच्या दारानं? काय चोरी केलीय कोणी? पुढनं जा, मास्तर, सगळ्यांच्या समोरनं.