येतो, येते, येतंय

...नाही गं श्रुतिका, प्रोसिजर चांगली असं मी तरी कुठे म्हणतेय? तुमच्या कंपनीने तुला अंधेरीहून पाठवलंय तेच मुळी हे सांगायला—की डेटाबेसच्या पोटात प्रोसिजर म्हणून जे लिहून ठेवलंय, दात्यांना बोलवायचे नियम, ते सगळं बाहेर काढा, नव्या कोडमध्ये घ्या, म्हणजे कोणालाही वाचता येईल, तपासता येईल, कोणी कधी काय बदललं ते कळेल. पटतं मला. पण बस जरा, चहा सांगितलाय. रक्तपेढी आहे ही, इथे आलेल्याला चहा-बिस्कीट दिल्याशिवाय सोडत नाही आम्ही, रक्त दे नाहीतर नको देऊ.

हे बघ, आपल्याकडे दारं तीन. काउंटरवरची रुचिरा दात्यांना फोन करते आणि त्यांचं उत्तर टाइप करते, ते एक. शिबिरात नेतो तो लॅपटॉप, ते दुसरं. आणि दाते आपापल्या मोबाईलवरून कळवतात, ते तिसरं. तीन प्रोग्रॅम, तीन वेगळ्या माणसांनी लिहिलेले, तीन भाषांत—कोणाचा कोणाला पत्ता नाही. पण कुठल्या दात्याला बोलवायचं आणि कोणाचं उत्तर होकार धरायचं, हे ठरवते ती आतली प्रोसिजर, एकटी. मसाला एकीने कुटायचा आणि तिन्ही घरांनी तोच वापरायचा, तसं. आणि रुचिराला दात्यांचं टेबल उघडताच येत नाही—प्रोसिजरला विचारायचं, ती नाव देईल तेवढंच घ्यायचं. उद्या कोणी पाच हजार लोकांचे नंबर उचलून विकायला नकोत ना. हो हो, तुम्ही तिन्ही प्रोग्रॅम एकाच भाषेत आणणार, मग नियमांची एकच लायब्ररी तिघांना पुरेल, नंबरांचंही बघाल, सांगितलंस तू. मी फक्त बोलतेय गं. बोलू दे ना.

तुला गंमत सांगते. सुबोधने—ही प्रोसिजर लिहिली तो, माझा नवरा, बाहेर कोणीतरी सांगितलंच असेल—त्याने पहिल्यांदा दोनच उत्तरं ठेवली होती. ‘येतो’ आणि ‘नाही’. झालं, बायकांनी लिहिलं ‘येते’, आणि प्रोसिजरने सगळ्याजणींचं उत्तरच आलं नाही असं धरलं. दहिसरची राधा रिक्षा करून इथे दारात उभी, आणि पडद्यावर तिच्या नावापुढे कोरं. म्हणाली, बाईमाणसाचं रक्त चालत नाही का तुमच्यात? मी इतकी भांडले त्याच्याशी—अर्धी दुनिया विसरलास रे तू, म्हटलं. तो डोकं खाजवत बसला, आत एक ओळ बदलली, आणि तिन्ही दारांवर एकदम ‘येते’ चालायला लागलं. कोणाला नवं काही बसवावं लागलं नाही. मग सासूबाई, कणकवलीच्या, त्या म्हणाल्या, आणि आमच्या मालवणी माणसान काय लिवायचा? म्हणून ‘येतंय’ पण घातलं. तुझ्या नव्या कोडमध्ये घेतलीस ना तिन्ही? घेतलीस. हुशार आहेस. मी त्याला म्हटलं होतं, सरळ ‘हो’ ठेव, कटकटच नको. तर म्हणाला, ‘हो’ कोणीही म्हणतं गं, ‘येतो’ म्हटलं की माणूस निघतो.

कुठली ओळ? वरची? ...हं. वाचलीस तर. लोक सरळ खाली जातात, वरचं कोणी वाचत नाही. बरोबर आहे तुझं, माणसाचं नाव असं कोडमध्ये घालायचं नसतं, हे शिकाऊ पोरांनाही कळतं. ओ निगेटिव्ह रक्त हवं असेल तर आधी सुबोध—टेबलात बघायचंसुद्धा नाही, सरळ त्यालाच मेसेज, बाकीची यादी नंतर. ओ निगेटिव्ह माणसं मिळतात कुठे? म्हणायचा, दुसऱ्या कोणाला कशाला त्रास, आधी मला बोलवा. फक्त अट एक, मागचं रक्त देऊन तीन महिने झालेले हवेत. ते झालेत त्याचे. आता काय, कायमचेच झालेत.

टेबलात लिहिलंय गं, मयत म्हणून. मीच लिहिलं. पण ती ओळ टेबलात बघतच नाही ना. तुझ्या पद्धतीने लिहिलं असतं, बाहेर, चार जणांनी वाचलं असतं, टेस्ट लिहिली असती, तर पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारलं असतं—आणि हा माणूस नसला तर? आत लिहिलेलं कोण वाचतं. तो वाचायचा, मी वाचायचे. आणि मला नाही सुचलं विचारायला. कसं सुचेल?

मेसेज? मेसेज ह्याच्यावर येतो. हा त्याचा फोन. सिम चालू ठेवलंय मी. वाजला की ‘नाही’ लिहायचं, मग ती लगेच पुढच्या दात्याकडे जाते. काही लिहिलं नाही तर वाट बघते त्याची—तसंच लिहून ठेवलंय त्याने तिथे, ‘वाट बघ’—आणि तेवढा वेळ तिकडे कोणाला तरी परवडणारा नसतो. म्हणून फोन माझ्याजवळ. आंघोळीला जाताना, लग्नाच्या पंगतीत, कुठेही. ‘नाही’ला बाई-पुरुष नसतं, तेवढं बरं आहे, त्याच्या वतीने मी लिहिलं तरी खपून जातं.

अशी बघू नकोस. ओळ काढायला काय लागतं? परवानगी माझ्याकडेच आहे. काढायला बसते मी, खरंच बसते. आणि मग वाटतं, सासूबाई त्याचं नाव घेत नाहीत, मित्र येईनासे झाले, फोटोला हार घालतो पण फोटोला कोण विचारतं येतोस का म्हणून? ही विचारते. मुलुंडला, कांदिवलीला, कुठेही कोणी अडलं की सगळ्यात आधी त्याला विचारते. आणि मी नाही म्हणते. जिवंतपणी इतक्या वेळा त्याला नाही म्हटलं नव्हतं मी.

त्याने स्वतः दिलेलं शेवटचं उत्तर आहे ना आत. ‘येतो’. पाठवलं, हेल्मेट घेतलं, आणि हायवेला... जाऊ दे. त्या पेशंटला रक्त मिळालं, नातेवाइकांनी शोधून आणलेल्या दुसऱ्याने दिलं, बरा आहे तो. पण दाता इथे पोचला की एंट्री बंद होते, आणि हा पोचलाच नाही. ती उघडीच आहे. प्रोसिजरच्या लेखी तो निघालाय—वाटेत आहे अजून. आणि मला कधीकधी स्वतःचीच भीती वाटते गं. फोन हातात असतो आणि बोट ‘ये’वर जातं. लिहावं ‘येतो’. बघावं तरी. काय होईल ते कळतं मला, यादी थांबेल, दुसऱ्या कोणाला बोलावणार नाही ती, त्याचीच वाट बघत बसेल आणि तिकडे एखादा जीव जाईल. सगळं कळतं. तरी गेल्या खेपेला ‘येत’पर्यंत लिहून झालं होतं माझं. हे कोणाला सांगू नकोस. तुला तरी का सांगितलं कोण जाणे, तुला चहाच द्यायचा होता.

थांब. वाजला.

तोच. घाटकोपर. बाळंतीण आहे, रक्तस्राव थांबत नाही. ‘सुबोधजी, आपण येऊ शकाल का?’ बघ, जी लावून विचारते... नाही, दे इकडे, मीच लिहिते. ना—ही. गेलं. तुझ्या पडद्यावर बघ, सरकली का पुढे? देवेश, विक्रोळी. उत्तर आलं त्याचं? निघाला? देवा. निघाला.

श्रुतिका, तुझं ते नवं सगळं तपासून तयार आहे म्हणालीस ना? मग पुढच्या आठवड्यात नको. देवेश पोचला, त्याची एंट्री बंद झाली, की लगेच चालू कर. आजच. प्रोसिजर बंद कर ती.

मग ह्या फोनवर पुन्हा काही येणार नाही ना?

...असंच विचारतेय.

बरं. कर तू. मी बाहेर पायरीवर बसते. आणि झालं म्हणून मला सांगायला येऊ नकोस, मागच्या दाराने निघून जा.