हाताची कवळी

नाही, पण मला सांगा, मनगट हा काय सकाळ-संध्याकाळ बोलायचा विषय आहे? आमचे हे दातांचे डॉक्टर. आधी जेवताना मी लोकांच्या किडक्या दाढा ऐकून घ्यायची. पन्नाशी उलटली आणि यांनी काढलं पियानो शिकायचं. म्हटलं, शिका हो, निदान माझा घास तरी सुखानं उतरेल! तर दाढा सुटल्या आणि काय मागे लागलं? मनगट, मनगट, मनगट!

यांच्या पियानोच्या बाई म्हणजे अंगानं एवढ्याशा, पण आवाज? रस्त्यावर ऐकू येतो! "डॉक्टर, मनगट पडलं! अहो, आता ताठ झालं! वर... पण सैल!" आता वर पण सैल म्हणजे कसं, हे यांना कळेना, मला तर त्याहून कळेना, आणि यांचा हात मात्र रोज दुखायला लागला. मग स्वस्थ बसतील? दातांचा डॉक्टर! वाकडं दिसलं की तार बांधायची सवय. आधी आणला एक दांडा. तो पियानोच्या पुढे आडवा बसवायचा, म्हणजे मनगट खाली पडायला जागाच नाही. हे त्याच्यावर असे रेलले, असे रेलले, की दांडाच वाकला! मग आणला पट्टा. मनगटावर बांधायचा, हात खाली गेला की बीप! हे महाशय तो दवाखान्यातसुद्धा काढेनात. एका काकूंच्या तोंडात दाढ खणायला वाकले आणि... बीप! काकू आ वासलेल्याच ओरडल्या, "आआ? आय आआ?" म्हणजे "काय झालं?" हे म्हणतात, "तुमचं काही नाही हो, माझं मनगट!" काकू गालात कापूस तसाच ठेवून उठल्या आणि गेल्या. अजून आल्या नाहीत!

शेवटी बाईंनीच सुनावलं, "डॉक्टर, तुमचं पोट या हातावर आहे. पुढच्या रविवारी हात असाच दिसला तर मी शिकवणी बंद करणार. उद्या काही कायमचं बिघडलं तर मला चैन पडणार नाही." हे घरी आले ते तोंड एवढंसं करून. ताटावरून तसेच उठले. तुम्हाला सांगते, मी कितीही कुरकुर करू दे, पण त्या पियानोपुढे बसला की हा माणूस गुणगुणतो हो! संसारात कधी गुणगुणला नव्हता. मला भरूनच आलं. मीच म्हटलं, "अहो, बाईंचा हात नीट बघून तर घ्या, कसा असतो तो."

बोलले आणि फसले!

दुसऱ्या दिवशी हे दवाखान्यातला तो गुलाबी लगदा घेऊन बाईंच्या दारात. आपल्या तोंडात कोंबतात ना माप घ्यायला, तोच. पियानोवर ठेवल्यासारखा बाईंचा हात धरला आणि घेतलं की माप! बाई म्हणाल्या, "इतकी वर्षं शिकवते आहे, पण माझ्या हाताची कवळी कुणी केली नव्हती!" आणि खरंच, कवळीच! कवळीच्याच सामानाचा गुलाबी, चकचकीत साचा, बाईंच्या नाजूक हाताचा. तो घातला की हात आपोआप बाईंसारखा राहणार म्हणे! त्यात यांचा पंजा! पण रविवारी सकाळी यांनी साबण लावून घातला हो आत. गेला. निघेना.

ओढलं, पिळलं, गार पाण्यात धरलं... हात फुगतोय, क्लासची वेळ झालेली! हे म्हणतात, "दवाखान्यात चल, ड्रिलनं कापावा लागेल." म्हटलं, कापणार कोण? सुट्टीचा दिवस, मदतनीस मुलगी नाही, यांचा उजवा हात आत, डाव्यानं यांना ड्रिल धरता येत नाही. अहो, ड्रिलचा आवाज ऐकला की मला घाम फुटतो! पण बसवलं त्यांना त्यांच्याच खुर्चीत, दिवा लावला, आणि माझ्या तोंडून काय निघावं? "अजिबात दुखणार नाही हं." हे किंचाळले, "असं कुणाला सांगू नकोस गं, माणूस जास्त घाबरतो!" घर्रर्र... डोळे मिटलेले. माझे नाही हो, त्यांचे! आणि तशातही हा मनुष्य मला काय म्हणतो? "तुझं मनगट ताठ आहे." मनगट, मनगट, मनगट! म्हटलं, आता एक शब्द बोललात तर बोटंच कमी करीन!

कडकन तुटला साचा. हात बाहेर आला तो असा, पिळून टाकलेल्या फडक्यासारखा. तशीच ओढत क्लासला नेली स्वारी. पियानोपुढे बसले. हातात जोरच नाही, रागावायलासुद्धा जोर नाही... आणि काय सांगू, मनगट तरंगत होतं हो! एवढीशीच चाल वाजवली, पण बाई खुर्चीतून उठल्या. "हेच! अहो, हेच तर सांगत होते! काय केलंत?" यांनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी. आणि अगदी डॉक्टरी आवाजात म्हणाले, "थोडे उपचार घेतले." बाई म्हणाल्या, "मग दर रविवारी घेऊन या!"

झालं. यांनी नवा साचा केलासुद्धा, आणखी घट्ट. दर रविवारी माणसं उशिरा उठतात, आणि मी चष्मा लावून नवरा कापून काढते. आणि काल बाईंचा फोन आला. त्यांचाही डावा हात म्हणे हल्ली आखडतो. पुढच्या रविवारी त्याही येणार आहेत... वेळसुद्धा ठरली आहे. मला कुणी विचारलंय?