जांभळाच्या रंगाची जीप

गाड्यांचा विषय निघालाय म्हणून सांगतो. वडगावात आमचं गाड्या रंगवायचं गॅरेज. लोणावळ्याचे एक साहेब बायकोला घेऊन आले, वडिलांची जुनी जीप दाखवली. "पिकल्या जांभळाचा रंग हवा. खर्च कितीही होऊ दे."

साहेबांना डोळ्यांनी अजिबात दिसत न्हवतं.

जीप झाली, आरशावानी चकचकीत. साहेबांनी बॉनेटवरनं तळवा फिरवला आणि थांबले. "इथं काहीतरी राहिलंय."

आमच्या रंगारी रफिकभाईनं बॅटरी मारली, तर रंगात धुळीचा एक कण! आमी गारच पडलो. सगळं बॉनेट घासून पुन्हा रंगवलं.

साहेब परत आले. अख्ख्या जीपवरनं सावकाश हात फिरवला. आमी श्वास रोखून उभे. शेवटी बायकोला म्हणाले, "चल, तू चालव. दिसली मला."