भिंतीतलं भोक

...आणि वर तो साहेब मलाच विचारतो, हल्ली नवं काही सुचत कसं नाही तुम्हाला? अहो, खोटं बोलत असेन तर जीभ झडो माझी. म्हणजे तशी ती लग्न ठरतानाच झडायला हवी होती, पण ते सोडा. तुम्हाला सांगतो, भोक होतं तोवर सुचत होतं!

कसलं भोक म्हणजे? जुन्या गल्लीत माझं लेथचं वर्कशॉप, शेजारी स्प्रिंगवाला, आणि मधल्या भिंतीला हे ताटाएवढं भोक. त्यातून माझा पाना जायचा तो परत म्हणून यायचा नाही, सल्ला मात्र न मागता दिवसभर यायचा. एकदा मी सासूबाईंच्या चाकांच्या खुर्चीला ब्रेक करत होतो. लागायचा झकास, सुटायचं नाव नाही. सासूबाई अडकलेल्या, बायको माझ्याकडे बघतेय... तेवढ्यात भोकातून त्याचं तोंड. "हा ब्रेक आहे का जावई? एकदा चिकटला की सुटतच नाही!" मागोमाग एक स्प्रिंग आली, थेट माझ्या पायावर. बसवली, आणि सुटला की ब्रेक! पुढे तो ब्रेक देशोदेशी गेला... बरं, शेजारच्या गावापर्यंत. पण निम्म्या गल्लीला त्याचं काम मिळालं, हे खरं.

झालं! साहेबलोक आले, ह्या गल्लीला एवढं सुचतं कसं ते बघायला. वीज मोजली, रस्ता मोजला, आमची शिक्षणं विचारली, आणि उचलून ठेवलं आम्हाला ह्या काचेच्या इमारतीत. म्हणे नवकल्पना केंद्र! गार हवा, गुळगुळीत भिंती, आणि शेजाऱ्याशी बोलायचं तर आधी 'संवाद कक्ष' राखून ठेवायचा. अहो, वेळ राखून कधी कोणी टोमणा मारतं का? सगळं आणलं हो त्यांनी, भोक तेवढं राहिलं.

मग परवा मीच ड्रिल घेतलं आणि पोखरली भिंत. साहेब धावत आले, "हे काय?" म्हटलं, "नवकल्पना." आणि तुम्हाला सांगतो, पलीकडून हात आला... तोच, काळ्या नखांचा. "जावईबापू, पाना द्या."

असे बघू नका हो. सांगतो. भोक खरं आहे, या कधीही, दाखवतो. हात तेवढा पदरचा. स्प्रिंगवाला इथे आलाच नाही, धंदा मोडून लेकीकडे गेला. पलीकडे संवाद कक्ष आहे, रिकामा. तरी मी रोज सकाळी भोकात पाना ठेवतो.

संध्याकाळी तो तिथेच असतो. गल्लीत कधी परत मिळाला नाही, इथे रोज मिळतो.