फक्त चाखायला

दुपारचा एक. सुट्टीचा दिवस. स्थळ, आमच्या घरचं जेवणाचं टेबल. घटना अख्ख्या कुटुंबासमोर घडली आणि साक्षीदार एक नाही! अहो, उभी हयात बातमीदारीत गेली माझी. दंगलीत साक्षीदार मिळाले, पुरात मिळाले, आणि माझ्याच घरात, हातात चमचे धरून बसलेली माणसं मला तोंड वर करून सांगतायत, 'आमचं लक्ष नव्हतं'!

थांबा, नीट सांगतो. माझी धाकटी बहीण शाकाहारी. घरात एकटीच. सुट्टीच्या मोठ्या जेवणाला आमच्याकडे टेबलाच्या मधोमध मटणाची भाजलेली अख्खी तंगडी, आणि हिच्या पुढ्यात उकडलेले बटाटे, काकडी आणि सगळ्यांची सहानुभूती. काकू आपल्या दर वेळी, 'घे गं, काकडी घे अजून, लाजू नकोस!' लाजतेय कोण? शाकाहारी माणसाला भूक नसते का हो?

गेल्या खेपेला दारात चपला घालताना ती म्हणाली, 'दादा, पुढच्या वेळी मी घरून जेवूनच येईन. तुम्हाला वेगळा त्रास नको.' चिडून म्हणाली असती तर भांडलो असतो, भांडण हा माझा प्रांत आहे! पण हसून म्हणाली. आणि तुम्हाला सांगतो, जेवून येणारं माणूस हळूहळू चहापुरतं येतं, मग फोनपुरतं... पुढची बातमी मला आधीच दिसते. मी म्हटलं, 'खबरदार! पुढच्या वेळी उपाशी यायचं. स्वयंपाक मी करणार.'

बायको म्हणाली, 'तुम्ही? तुमचा साधा चहा उतू जातो!'

जातो. पण विचार तर करता येतो ना? मी विचार केला, की आपण चुकतो कुठे? तर आपण जेवणातून मटण वजा करतो आणि उरेल त्याला शाकाहार म्हणतो. वजाबाकीनं कोणाचं पोट भरलंय? माणसाला दाताखाली काहीतरी लागतं, खरपूस लागतं, आणि मुख्य म्हणजे, हे आपल्यासाठी केलंय असं वाटावं लागतं. काकडी कोणासाठीच केलेली नसते हो, ती नुसती चिरलेली असते!

मग लागलो कामाला. मसूर शिजवले, वांगी भाजली, मश्रूम परतले. मश्रूम म्हणजे थेट पुढारी! आधी नुसतं पाणी सोडतात, घाई केलीत की फसलात. आच चालू ठेवून गप्प उभं राहायचं, पाणी आटलं की मग खरा रंग दाखवतात. सगळ्याचे थर लावले, मध्ये अक्रोड, वर चीज आणि पावाचा चुरा, आणि भांडं ओव्हनमध्ये. वास असा सुटला की बायको दोनदा स्वयंपाकघरात डोकावली, आणि दोन्ही वेळा म्हणाली, 'काही नाही, पाणी प्यायला आले.'

आता आमच्या घरची रीत ऐका. भांडं वयानं फिरतं. आधी काका, मग काकू, आणि सगळ्यात शेवटी धाकटी. ही रीत मटणासाठी ठीक आहे, मटण ढीगभर असतं! मी भांडं टेबलावर ठेवलं, 'हे हिचं' असं स्वच्छ सांगितलं, आणि मटण कापायला वळलो. पाठ फिरवली, बस्स, तेवढंच...

काका म्हणाले, 'पोरानं एवढं केलंय, चाखायला नको? फक्त चाखायला!' काकू म्हणाल्या, 'मला एवढंसं.' मग बायकोनं एवढंसं. मग मेव्हण्यानं, म्हणजे बायकोच्या भावानं, एवढंसं, आणि वर, 'भाऊजी, मटण राहू द्या, यातलंच घेतो थोडं!' भांडं रीतसर, मानपानानं, वयानं फिरत फिरत बहिणीपर्यंत पोचलं. मी सुरी घेऊन वळलो तर ती त्यात डोकावून बघत होती. आत नुसता चमचा होता.

मी एकेकाला विचारलं, शेवटचं कोणी वाढून घेतलं? काका म्हणाले, 'माझ्यानंतर भरपूर होतं, पुढे लक्ष नव्हतं.' काकू तेच म्हणाल्या, बायको तेच म्हणाली. मेव्हण्याच्या तोंडात घास होता.

बहीण म्हणाली, 'असू दे रे दादा, वास काय सुंदर येत होता!' आणि तिनं बटाटे ओढून घेतले. शाकाहारी माणसाला भूक नसते का हो?

काका ढेकर देऊन म्हणाले, 'मान गये! या खाण्यानं पोट भरतं, मला उगाच शंका होती.' सगळ्यांनी माना डोलावल्या. तर आमच्या घरात आता एकमत आहे, शाकाहारी जेवणानं पोट भरतं! एकीचं मत तेवढं घ्यायचं राहिलंय... ती सकाळपासून माझ्या शब्दावर उपाशी होती.