घोंगडीचं चाक

तुम्ही फटफटीचा विषय काढलात म्हणून सांगतो. मिलमधल्या साहेबाची जुनी फटफटी मी विकत घेऊन दुरुस्त केली होती. तिच्यावरून आम्ही नवराबायकोने सोलापूरहून थेट काशीला जायचं ठरवलं. माझे आबा मात्र अडून बसले.

"बाईमाणूस मागं बसून काशीला पोचंल व्हय? आदी मोहोळला जाऊन दिवेलागणीच्या आत परत या. न्हाय जमलं, तर काशीचं नाव काढायचं न्हाय."

मोहोळला पोचलो झकास. परतीच्या वाटेवर मागच्या चाकात खिळा घुसला आणि ट्यूब पार फाटली. ठिगळांची डबी शोधली, तर ती घरीच राहिलेली.

आमची ही म्हणाली, "डबी इसरलासा. डोकं तरी आणलंय का?"

तिचं माहेर सांगोल्याकडचं, मेंढरं राखणारं. लग्नात आईने दिलेली घोंगडी तिने बसायला घेतली होती. माझ्या हत्यारांतली सुरी घेऊन ती त्या घोंगडीच्याच पट्ट्या कापायला लागली.

"अगं, आईची आठवण हाय ती."

"आईनं इचारलं तर सांगीन, घोंगडी काशीला गेली."

ट्यूब काढून आम्ही टायरमध्ये त्या पट्ट्या ठासून भरल्या आणि हळूहळू, हादरे खात घरी आलो.

आबा दारातच उभे होते. दिवा अजून लागला नव्हता. त्यांनी चाक दाबून पाहिलं, बाहेर आलेली लोकर बोटाने आत ढकलली आणि सुनेला म्हणाले,

"काशीला जाताना घोंगड्या दोन घ्या. एक बसायला, एक चाकाला."