ईदला परत घातलेली माळ

हॅलो?… जैतून? व्हय बाळ, अम्माच बोलतीय. कुटं पोचलीस?… अजून वळसंगच? अगं, अक्कलकोटातनं कवाची निघालीस…

बस बंद पडली?… बरं, रडू नको. दुसरी येईल की.

न्हाय, अजून आत नेलं न्हाय. छाती उघडायची म्हणल्यावर… हो, हो… अगं ऐक ना. दस्तगीर हितं न्हाय. ऑपरेशनची सही करायला गेलाय. सकाळपासनं पाय चेपत बसलेला. लई मायेनं चेपत होता, म्हणून तर भ्या वाटतंय.

माळ? गळ्यातच हाय. सोन्याच्या पुतळ्या गार पडल्यात, का माझंच अंग गार पडलंय, कळंना.

न्हाय गं, भांडला न्हाय तुझा भाऊ. एवढंच म्हणाला, 'जैतूनला दिली म्हणतीस, मग तुझ्या गळ्यात कशी?'… काय सांगू त्याला? ईदला तुझ्या ओंजळीत घातली, तू डोळ्यांना लावलीस, अन् परत माझ्याच गळ्यात घातलीस. 'अम्मा, तुलाच शोभती, तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे.'… तू माया केलीस, तुझा काय दोष? पण बघितलं कुणी? शिरखुर्मा खायला आलेल्या शेजारच्या एकट्या जगदेवीनं. ती तर माघातच मातीआड गेली.

त्याला गाळा दिला तवा चार माणसांसमोर किल्ली हातात ठेवली. त्या गाळ्याबद्दल कोण विचारतंय?

आता परत देऊ?… आता दिलेलं चालत न्हाय, बाळ. मौलानांना विचारलं मी. मरणाच्या दुखण्यात दिलेलं वसीयतीत धरतात, अन् वारसाच्या नावानं वसीयत चालत न्हाय, दुसरे वारस राजी असल्याबगार. दुसरा कोण? दस्तगीरच की… माझ्यामागं त्याला दोन वाटे, तुला एक. त्याबद्दल माझं काय न्हाय, हुकूमच तसा हाय. पण ही माळ वाटणीतली न्हाय. ती ईदलाच तुझी झाली. माझ्याकडं नुसती अमानत.

थांब, सिस्टर आल्या… काय म्हणता, अंगावरलं सगळं काढायचं?… माझी लेक येतीय बाई, वाटेत हाय. थोडं थांबा की… व्हय, डॉक्टर कशाला थांबतील.

जैतून, कट करू नको. कानाला लावून ऱ्हा… सिस्टर, ऐका, ही माळ माझ्या लेकीची… कुटं निघालात?

गेल्या. स्ट्रेचर आणायला.

कोण?… ये, दस्तगीर. मग तूच ऐक. ही माळ जैतूनची हाय, ईदला दिलेली. ती फोनवर ऐकतीय बघ. नुसतं 'व्हय अम्मा' म्हण… मान नको हलवू रे, तोंडानं म्हण.

जैतून, तू ऐकतीयस ना?… जैतून?… हॅलो?

हॅलो?… रेंज गेली वाटतं.

माळंचा आकडा मागं हाय, दस्तगीर. माझा हात पोचत न्हाय… हळू. तुझे हात किती गरम हायत रे.

फोनपण तुझ्याकडंच द्यायचा?

थांब… वाजतोय की. तीच असंल. दे इकडं… दस्तगीर, उचल की.

उचल, बाळा.